कुंदाची धून कुठं संपते

विष्णुपंत ही गोष्ट स्वतःच सांगतात, आणि सांगताना एवढे हसतात की चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसावा लागतो. कुंदा शेजवळच्या खोलीतून पहिल्यांदा तो आवाज आला ना, तेव्हा त्यांना वाटलं की हिचा स्टॅबिलायझर पेट घेतोय. टुक टुक ट्यँव, टुक टुक ट्यँव. दुपारची वेळ, चाळीत बायका तांदूळ निवडत बसलेल्या. विष्णुपंत उठले, एका हातात टेस्टर, खांद्यावर ओला टॉवेल, आणि जाता जाता जिन्याखालचा मेन स्विचच खाली ओढला. अख्ख्या चाळीचे पंखे गपगार.

आत जाऊन बघतात तर कुंदा जमिनीवर बसलेली, मांडीवर हातभर लांबीचा कीबोर्ड, तोंडात पेन, आणि डोळ्यांत अस्सा जाळ.

"पोरी, काय जळालं?"

"मी जळाले, काका. इतकी छान धून बसत आली होती. घालवलीत."

"धून? ही?" विष्णुपंत म्हणाले. "मला वाटलं शॉर्टसर्किट."

त्यांचं एकट्याचं कशाला, बुवापाड्यातल्या त्या चाळीत प्रत्येकाला काही ना काही वाटलेलं. कोणाला वाटलं मिक्सर बिघडला, कोणाला वाटलं कुंदाच्या नवऱ्याने, बाळाने, व्हिडिओ गेम आणला. बायकांमधल्या एकीने तर शपथेवर सांगितलं की कुंदाच्या घरात टेलिफोन आला आहे आणि ती कोणाला कळू देत नाहीये. ब्याण्णव साल होतं. टेलिफोन लपवावा असंच साल होतं ते.

तर ही कुंदा. वय तिशीच्या पुढे, अंगाने काडी, जिभेने कात्री. अंबरनाथहून रोज शेअर रिक्षात कोंबून घेऊन उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जायची. तिथे एका वर्कशॉपात स्टॅबिलायझरच्या कॉइली गुंडाळायची. तांब्याची तार बोटातून सुटायची आणि तोंडातून गप्पा. दोन्हीत कधी गाठ पडली नाही. एका गिऱ्हाइकाने तिथे दुरुस्तीला कीबोर्ड टाकला आणि तो गेला दुबईला. वाट बघून बघून शेठ म्हणाला, ले जा, इधर धूल खा रहा है. कुंदाने तो उघडला, साफ केला, तारा जोडल्या. सगळं वाजायला लागलं, एक काळी पट्टी सोडून. ती मुकी ती मुकीच.

मग कुंदाने काय करावं? त्या मुक्या पट्टीला वळसा घालून जाणारी धून बांधली. जिथे तो सूर यायला पाहिजे तिथे ती क्षणभर थांबायची आणि पलीकडे उडी मारायची. वाटेत झोपलेला कुत्रा चुकवून पोरगी पुढे जाते ना, तशी. गंमत म्हणजे तीच उडी कानात राहायची.

आता ही धून कॅसेटवर भरायची कशी? घरात एक टू-इन-वन. दुसरं मशिन विष्णुपंतांचं, भजनी मंडळासाठी घेतलेलं, मोठं, भरताना आवाज कमी-जास्त करायचं गोल बटण असलेलं. मेन स्विच ओढल्याचं पाप फेडायला म्हणून त्यांनी ते आणून दिलं. कुंदाने तीन वायरींची वेणी घालून दोन्ही मशिनं आणि कीबोर्ड जोडला. आधी पहिल्या मशिनवर नुसता ताल भरायचा. मग तो ताल लावून त्याच्यावर आपण वाजवायचं, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या मशिनात उतरवायचं. अजून काही घालायचं तर कॅसेटी बदलून पुन्हा तेच. धून तयार झाली. फक्त शेवट तेवढा राहिला. पहिल्या भरणीत तिसऱ्या फेरीच्या शेवटाला दूध उतू गेलं, कुंदा ओरडत उठली आणि धून खाटकन तुटली.

"शेवट काय, उद्या करू," कुंदा म्हणाली.

बाई, ते 'उद्या' दिवाळीच्या आधीचं होतं. होळी झाली तरी उगवलं नाही.

कारण कुंदाला एक खोड होती. घरी आलेल्या प्रत्येकाला चहाबरोबर धून ऐकवायची आणि विचारायचं, "खरं सांगा, काय कमी आहे?" आता आपल्याकडे चहा घेतलेला माणूस काही कमी नाही असं कसं म्हणेल? चहाचं ऋण असतं. काहीतरी सुचवावंच लागतं, नाहीतर नीट ऐकलं नाही असं होतं. आणि पाहुण्याने तोंडातून काढलेलं सुनेने मोडायचं नाही, ही शिकवण कुंदाला माहेरहून. एरवी कोणाचं ऐकायची नाही, पण धुनीच्या बाबतीत अगदी गरीब गाय.

सासू भिमाबाई म्हणाल्या, "टाळ्या नाहीत गं यात. टाळीशिवाय गाणं म्हणजे मिठाशिवाय वरण." टाळ्या घातल्या.

समोरची जनाबाई म्हणाली, "बासरी पाहिजे होती बाई." बासरीचं बटण होतं, घातली.

कोणी म्हणालं ढोलकी, कोणी म्हणालं घंटा. एकाने तर सांगितलं, मधे एक बाई हसल्यासारखा आवाज येऊ दे. कुंदाने तोही घातला, स्वतः हसून.

विष्णुपंतांचं एकच म्हणणं. "सम कुठाय? धून समेवर आली पाहिजे. घरातून निघालेला माणूस घरी परत यायला नको? धा! असा. की संपलं."

आणि नवरा बाळा? तो केमिकल कंपनीत ऑपरेटर. बोललं की पगारातून कापून घेतात अशी त्याची समजूत असावी. पहिल्या दिवशी धून ऐकली आणि म्हणाला, "छान आहे." टाळ्या घातल्यावर म्हणाला, "छान आहे." बासरी, ढोलकी, घंटा, हसणारी बाई, सगळ्याला छान आहे.

"अहो, तुम्हाला दुसरं काही येत नाही का?" कुंदा चिडायची. "उद्या मी कीबोर्डवर कुकर ठेवला तरी छान आहे म्हणाल."

बाळा डबा उचलून ड्युटीवर जायचा.

तर हे असं चाललं असतं जन्मभर. पण वर्कशॉपच्या शेजारी होतचंदचं कॅसेटचं दुकान होतं. सिंधी माणूस, पोट पुढे, कान त्याच्याही पुढे. तो स्वतःच कॅसेटी काढायचा. त्या साली लगीनसराईसाठी हळदीच्या आणि वरातीच्या धुनांची एक कॅसेट काढत होता, गाणी नाहीत, नुसती वाजवायची. कुंदाला तो सिंधीतल्या ताईसारखं 'अदी' म्हणायचा. दिवाळीच्या सुमारास कुंदाने त्यालाही आपली पहिली धून ऐकवली होती.

"अदी," एक दिवस तो म्हणाला, "मेरी बी साइड को लास्ट में थोडी जागा खाली है. वो तेरा दिवाली के टाइम का धून था ना, कूदने वाला? वो कम्प्लीट कर के दे. तेरा नाम डालेगा कव्हर पे."

कुंदाचा हात तारेवरच थांबला. तिच्या हातच्या कॉइली घराघरात होत्या, पण त्यांच्यावर नाव शेठचं. कुंदा शेजवळ हे नाव छापून आलं होतं ते एकदाच, लग्नाच्या पत्रिकेत, आणि तिथेही 'कुंदा'चं 'नंदा' झालं होतं.

"कधीपर्यंत?"

"संडे. मंडे को मास्टर कॅसेट बंबई जाएगा. नहीं आया तो मैं उधर पुंगी बजा के डाल देगा, मेरे पास पडेली है."

पुंगी! कुंदाच्या अंगावर काटा आला. शुक्रवारीच ती ताजी कॅसेट घेऊन होतचंदच्या दुकानात हजर. टाळ्या, बासरी, घंटा, बाई, सगळं भरलेली. होतचंदने हेडफोन कानाला लावला. डोळे मिटले. मग एक उघडला.

"अदी, इसमें बारिश क्यों हो रहा है?"

"कुठे बारिश?"

"सुन ना." त्याने हेडफोन तिच्या कानाला लावला. आणि कुंदाने पहिल्यांदा परक्याच्या कानाने ऐकलं. सूंऽऽऽ. प्रत्येक वेळी या मशिनातून त्या मशिनात उतरवताना मागची खरखर थोडी थोडी वाढत गेलेली. आता नुसता झरा वाहत होता, आणि त्या पाण्याखाली कुठेतरी तिची धून बुडबुडे सोडत होती. वरून ती बाई हसत होती. कोणाला हसत होती ते कुंदाला बरोबर कळलं.

"किसने बोला ये सब डालने को?"

"सगळ्यांनी," कुंदा म्हणाली.

"सबको बोल, अपना अपना कॅसेट निकालो. तेरा वाला किधर गया? पहिला?"

पहिला! दिवाळीच्या आधीची ती कॅसेट, नुसता ताल आणि उडी मारणारी धून. ती टीव्हीखालच्या फडताळात पडलेली होती, वर नाव नाही, गाव नाही.

संध्याकाळी घरी येऊन कुंदाने फडताळ उपसलं. कॅसेट नाही. गादी उचलली. कॅसेट नाही. मग भिमाबाई हळूच म्हणाल्या, "कोरी होती ना गं ती? पांढऱ्या कव्हराची?"

"आत्या! कुठाय?"

"रखमा आलेली ना बदलापूरहून. महिला मंडळाची जयंतीची गाणी भरून ठेवायची होती त्यांना, सरावाला. म्हणाली कोरी कॅसेट आहे का. मी म्हटलं आहे, ने."

कुंदा खालीच बसली. ते बघून भिमाबाईंचं तोंड पांढरं पडलं. "मला मेलीला काय ठाऊक," त्या पुटपुटल्या, आणि उठून सुनेसमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

दुसऱ्या दिवशी शनिवारी कुंदाने खाडा केला आणि बदलापूर गाव गाठलं. रखमा म्हणजे भिमाबाईंची धाकटी बहीण. ओट्यावर पाच-सहा बायका बसलेल्या, मधोमध टेप, आणि सगळ्यांचे आवाज बसलेले. गाणी झालेली दिसत होती.

"ये गं ये," रखमा म्हणाली. "बघ, तुझ्या सासूनं काय द्वाड कॅसेट दिली. सकाळपासून गातोय आम्ही. गळे फाटले."

"भरलीत?" कुंदाने कसंबसं विचारलं.

"कशाची भरतेय! लाल बटण दाबतच नाय ना मेलं. दाबलं की उडतंय, दाबलं की उडतंय. हिनं अंगठा ठेवला, तिनं गुडघा ठेवला. आत्ता कळलं, कॅसेटीच्या डोक्यावरचे दोन्ही दात तोडलेत कोणीतरी. चंद्री गेलीय दुकानात चिकटपट्टी आणायला. भोकावर चिकटवली की भरते म्हणे."

ज्यांनी कॅसेटी वापरल्यात त्यांना सांगायला नको. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन बारीक दात असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. कुंदाने टेपमधून कॅसेट काढली, कड बघितली. दोन्ही दात साफ उडवलेले, खिळ्याने उचकटल्यासारखे.

तेवढ्यात चंद्री धापा टाकत चिकटपट्टी घेऊन आली.

"चंद्रे, तिथंच थांब," कुंदा ओरडली. "एक पाऊल पुढं टाकशील तर बघ!"

आणि मग ती अशी हसत सुटली की बायकांना वाटलं ऊन लागलं. रखमाने तिला पन्हं पाजलं. कुंदाने पिशवीतून ती टाळ्या-घंटांची नवीन कॅसेट काढून त्यांना दिली. "ही घ्या, हिच्यावर भरा. बिनधास्त भरा. वर गा, खाली गा, मिटवून टाका." देताना एवढं हलकं वाटलं तिला, जणू कोणाचं पोर दिवसभर कडेवर होतं आणि शेवटी त्याची आई आली.

बसमधून येताना एकच विचार डोक्यात. दात तोडले कोणी? तिने तर तोडले नव्हते. तोडावेत असं तिला कधी वाटलंच नव्हतं. सासूला टेप चालू करता यायचा, तेवढंच.

घरी आली तर बाळा सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत. कुंदाने कॅसेट त्याच्या नाकासमोर धरली.

"हे कोणी केलं?"

बाळाने कॅसेटकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटाकडे. "मी."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. तू वाजवून दाखवलीस ना, तेव्हाच. म्हटलं चुकून कोणी मिटवायला नको."

"मग मला सांगायचं नाही होय?"

बाळा गोंधळला. "सांगितलं की. छान आहे म्हटलं."

भिमाबाईंनी तोंडाला पदर लावला. कुंदाने नुसती त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली, खरं तर सरळच होती ती, आणि म्हणाली, "डब्यात लोणचं ठेवलंय, सांडू नका." कुंदासारखीला ह्यापेक्षा जास्त काय जमणार?

आता धून सापडली, पण शेवट? तिसऱ्या फेरीला दूध उतू गेलेलं तसंच होतं. कुंदा दोन्ही मशिनं मांडून बसली. एकदाच उतरवायची, म्हणजे खरखर वाढणार नाही. पण संपवायची कशी? शेवटी धा केलं तर धून दचकायची. हे काही तिचं घर नव्हतं, कोणीतरी दार आपटून घेतल्यासारखं वाटायचं. घंटा नको. घंटेला आता हात लावायचा नाही.

तेवढ्यात विष्णुपंत आले. मशिन आपलं आहे ना, म्हणून अधूनमधून त्याची तब्येत बघायला यायचे. चहा झाला. सम झाली. "माझं ऐक, कुंदे, धा पाहिजेच. शेवट म्हणजे शेवट. मोघम कारभार नको. बरं, येतो मी."

येतो म्हणून ते उठले. उंबऱ्यात थांबून म्हणाले, "आणि मशिनचं हेड पुसत जा स्पिरीटने. येतो." गॅलरीतून आवाज आला, "बाळाला सांग, रेशनवर साखर आली आहे. येतो हां." जिन्यातून, "भिमाबाई, गुडघ्याला तेल लावा." खालून अंगणातून अजून काहीतरी, त्यातलं 'येतो' तेवढं कळलं. मग कोपऱ्यावरून नुसतं खाकरणं. मग काहीच नाही. पण ते नेमके कधी गेले म्हणावं, ते काही सांगता येईना.

कुंदा दाराकडे बघत राहिली. मग तिची नजर विष्णुपंतांच्या मशिनवरच्या त्या गोल बटणावर गेली.

तिने पहिली कॅसेट लावली. विष्णुपंतांच्या मशिनात कोरी कॅसेट घालून लाल बटण दाबलं. पहिली फेरी गेली, दुसरी गेली. तिसरी सुरू झाली तसं तिने ते गोल बटण हळूच, पोराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं, मागे फिरवायला घेतलं, तसा आवाज कमी कमी होत गेला. भिमाबाई श्वास रोखून बसलेल्या. धून उंबऱ्यात गेली, गॅलरीत गेली, जिना उतरली, मुक्या पट्टीवरून तिने कोपऱ्यावर शेवटची उडी मारली आणि दिसेनाशी झाली. दूध उतू जायच्या कितीतरी आधी.

"गेली," भिमाबाई हळूच म्हणाल्या.

"झाली," कुंदा म्हणाली. आणि पाय लांब करून भिंतीला टेकली. किती महिन्यांनी पाठ टेकल्यासारखं वाटलं तिला. एवढ्यात जनाबाईने दारातून डोकं घातलं, "काय गं, नवीन काही?" तर कुंदा म्हणाली, "चहा देते, पण ऐकवणार नाही." जनाबाईने चहा घेतला आणि तिलाही बरंच वाटलं. सुचवायचं काम वाचलं ना!

रविवारी होतचंदने हेडफोन लावला, डोळे मिटले. या वेळी एकही उघडला नाही. धून संपून गेली तरी तो तसाच बसून. मग म्हणाला, "अदी, कम्प्लीट." आणि कॅसेट मास्टरच्या डब्यात ठेवली. पुंगी कायमची पडेली राहिली.

लगीनसराई लागायच्या आत कॅसेट आली. कव्हरवर सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, पण शुद्ध: कुंदा शेजवळ, अंबरनाथ. भिमाबाईंनी जनाबाईला दाखवली, जनाबाईने चाळीला. बाळाने पहिलं काय केलं असेल? खिळा घेतला आणि तिचेही दात तोडायला बसला. तर त्या कॅसेटला दात नव्हतेच. कंपनीनेच आधी काढलेले. बिचाऱ्याचा हिरमोड झाला.

विष्णुपंतांना मानाने खुर्ची दिली, चहा दिला, बी साइड लावली. त्यांनी मांडीवर ताल धरला. धून आली, फिरली, उडी मारून लांब लांब गेली. विष्णुपंतांचा हात समेसाठी हवेत उचललेला तो तसाच राहिला.

"हे काय?" ते म्हणाले. "संपली कुठे? ही तर पळून गेली!"

"संपली की काका."

"कुठे संपली, बोट ठेवून दाखव. मला एक जागा दाखव जिथे ती संपली. नाही दाखवता येत ना? म्हणजे अर्धवट. मी आधीच म्हणत होतो. शेवट म्हणजे शेवट."

"बरं," कुंदा म्हणाली. "मग मला एक सांगा. त्या शनिवारी तुम्ही आमच्याकडनं कधी गेलात?"

"कधी म्हणजे? चहा झाल्यावर."

"खुर्चीतनं उठून येतो म्हणालात, तेव्हा गेलात?"

"नाही, तेव्हा कसा..."

"उंबऱ्यातनं म्हणालात, तेव्हा?"

विष्णुपंतांनी उंबऱ्याकडे बघितलं.

"गॅलरीतनं? जिन्यातनं? का अंगणातनं? बोट ठेवून दाखवा काका, मला एक जागा दाखवा जिथं तुम्ही गेलात. आणि गेलात तर खरे. दुसऱ्या दिवशी तुमच्याच घरात उठलात ना? की अजून अर्धवट आमच्याच जिन्यात आहात?"

भिमाबाईंच्या तोंडातला चहा बशीत उडाला. बाळासुद्धा खदखदून हसला, आवाज करून, चाळीला नवीनच.

विष्णुपंतांनी चष्मा काढून पुसला. "ते वेगळं," ते म्हणाले. "माणसाचं वेगळं आणि धुनीचं वेगळं. मी उद्या सविस्तर सांगीन." आणि उठले. "बरं, येतो."

उंबऱ्यात थांबले. "पण सम ती समच हां, कुंदे. येतो."

गॅलरीतून आवाज आला, "मशिन राहू दे तुझ्याकडे, नवीन काही बांधशील. येतो!"

कुंदाने हात वर केला, अंगठा आणि बोट जुळवलं, आणि हवेतलं एक बटण हळूहळू मागे फिरवायला लागली.